कुयोच्या बोटीचं घड्याळ

नोएमी दुमान्कास कुठंही गेली तरी आधी माणसं मोजते. चर्चमध्ये, भाड्याच्या जीपनीत, कुणाच्या वाढदिवसाच्या जेवणात. ओठ हलत नाहीत. डोळे एकेका डोक्यावरून सरकत जातात आणि शेवटच्या डोक्यावर पोचले की तिचे खांदे जरा सैल होतात. तिकीटघरात आम्ही तिला मानांग म्हणायचो, म्हणजे ताई, आणि चिडवायचो, “मानांग, किती भरले?” ती न रागावता खरा आकडा सांगायची.

तिचं काम माणसं मोजण्याचं नव्हतं. इलोइलोच्या धक्क्यावरून कुयो बेटाकडं जाणारी आमची बोट कुणाला घेऊन जाते, कोणत्या खाटेवर कोण झोपतं, याची यादी ज्या मशीनवर तयार होते ते मशीन ती सांभाळायची. एकोणीस वर्षांपूर्वी तिची मोठी बहीण एस्तेर एका छोट्या लाँचवर चढली होती. गर्दी झाली म्हणून शेवटच्या चाळीस लोकांची नावं कुणीतरी वहीच्या पानावर लिहून घेतली होती. ते पान किनाऱ्यावर राहिलंच नाही, लाँचबरोबर बुडालं. पुढं तीन आठवडे घरच्यांना एकच उत्तर मिळत राहिलं, ‘या नावाचं कुणी बोटीवर नव्हतंच.’ नोएमी हे मला एकदाच बोलली, तेही डबा उघडता उघडता, आणि लगेच म्हणाली, “मीठ आहे का गं तुझ्याकडं?”

मी चार नंबरच्या खिडकीवर बसायचे. त्यामुळं त्या पवित्र बुधवारी जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्या धक्क्याचं रूपच बदलतं. जो तो घरी निघतो. बुधवारी एक बोट, गुरुवारी एक, मग रविवारपर्यंत काही नाही. गुरुवारची बोट महिनाभर आधीच भरलेली असते. बुधवारची चुकली तर माणूस चार दिवस धक्क्यावरच्या बाकावर. आणि बुधवारी बोटीला साडेबाराच्या आत सुटावंच लागतं, कारण त्यानंतर ओहोटीनं खाडीचं तोंड उथळ होतं. पावणेबारापर्यंत प्रवाशांची यादी तटरक्षक दलाच्या निरीक्षकांच्या हातात पडली पाहिजे. ते शिक्का मारतात, मगच दोर सुटतात.

आमच्या कचेरीत एक रीत होती. हा आठवडा सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली आशीर्वादाची झावळी नोएमी स्वतः मशीनच्या पडद्यावर चिकटवायची. तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: ईस्टर होईपर्यंत इथं कुणी बोट लावायचं नाही. काही बदलायचं नाही, काही सुधारायचं नाही. चालतंय ते चालू द्यायचं. हा नियम तिचाच.

त्या दिवशी सकाळी नऊपासून मशीन पेंगायला लागलं. मी माणसाचं नाव घालायचे, ओळखपत्र बघायचे, बटण दाबायचे आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं. एक मिनिट. दोन मिनिटं. दहा वाजता एका माणसामागं चार मिनिटं लागू लागली. खिडकीपलीकडचे चेहरे घामेजले होते. आमच्याकडं कुठल्याही पोरीला इंदाय म्हणतात; एक बाई म्हणाली, “इंदाय, तुझ्या मशीननं उपास धरलाय का?” मागून कुणी ओरडलं, “उपास नाही, समाधी!” लोक हसले. पण ते हसणं फार वेळ टिकणारं नव्हतं, हे मला कळत होतं.

आमचे साहेब, सर अर्तेमियो, यांनी मोबाइलवरून होणारी तिकीटविक्री बंद करायला लावली. त्यानं चाराची दोन मिनिटं झाली. नोएमीनं कागदाच्या कपट्यावर हिशेब केला. दोनशे चाळीस माणसं रांगेत, सहा खिडक्या, माणसामागं दोन मिनिटं. एक तास वीस मिनिटं. भिंतीवर दहा पन्नास झाले होते.

“बसत नाही,” ती म्हणाली.

“मोठं मशीन भाड्यानं घे ना,” सर म्हणाले. “एका फोनचं काम आहे.”

“मोठं घेतलं तरी ते घड्याळ विचारायला त्याच फाटकावर जाणार, सर.”

“कसलं घड्याळ?”

तिनं सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबली. सरांना तेव्हा ऐकायला वेळ नव्हता. मला मात्र ते माहीत होतं, कारण महिनाभरापूर्वी डब्याच्या वेळी तिनं ते मला समजावलं होतं.

आमचं मशीन म्हणजे खरं मशीन नव्हेच. दूर कुठंतरी एक अवाढव्य मशीन आहे आणि त्याच्या पोटात अशी पंचवीस-तीस मशीनं कल्पनेनं उभी केलेली आहेत. त्यातलं एक आमच्या भाड्याचं. त्याला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, पण त्याचं स्वतःचं म्हणून काही नसतं, घड्याळसुद्धा नाही. आणि आमचा तिकिटाचा प्रोग्राम मोठा संशयी. एक खाट द्यायची तर तो सगळ्या बंदरांच्या, सगळ्या दिवसांच्या खाटा चाचपून बघतो की कुणी अडवून तर ठेवली नाही ना, आणि प्रत्येक खाटेपाशी नव्यानं विचारतो, आता किती वाजले? एका तिकिटामागं लाखो वेळा.

“आता बघ,” नोएमी तेव्हा म्हणाली होती, “वेळ विचारायचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामच्या अंगणातच एक पाटी टांगून ठेवते, त्यावर वेळ. नजर टाकली की झालं. दुसरा रस्ता म्हणजे दर वेळी उठायचं, फाटकावर जायचं, पहारेकऱ्याला विचारायचं, तो धन्याच्या माडीवर जाणार, बघून येणार, सांगणार. तोवर तुम्ही हातातलं काम टाकून उभे.”

“आणि आपण?”

“आपण फाटकावर उभे.”

“का पण?”

तिनं डब्याचं झाकण लावलं. “मीच उभं केलंय.”

पाच वर्षांपूर्वी पाटीवरची वेळ चुकली होती. तेव्हा आमचं मशीन दुसऱ्या एका ठिकाणी भाड्यानं होतं. त्यांनी ते चालू स्थितीतच एका मोठ्या मशीनमधून उचलून दुसऱ्यात ठेवलं. नव्या घरातला काळ मोजणारा आकडा वेगळा होता, आणि आमचं घड्याळ सहा सेकंद मागं गेलं. सहाच सेकंद. तेवढ्यात आधी दिलेल्या खाटा प्रोग्रामला अजून न दिलेल्या वाटल्या, आणि अकरा खाटा दोन-दोन माणसांना दिल्या गेल्या. खाटेवर दुसरं नाव आलं की पहिलं पुसलं जायचं. अकरा माणसं बोटीवर होती आणि यादीत नव्हती. बोट सुखरूप पोचली. लोक भांडले, कंपनीनं माफी मागितली, विषय संपला. नोएमीचा संपला नाही. तिनं त्याच दिवशी पाटी बंद करून मशीनला फाटकावरच्या घड्याळाशी बांधून टाकलं. ते सावकाश होतं, पण मागं जात नव्हतं. वहीत तिनं लिहिलं, ‘तात्पुरतं.’

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं भाड्याची जागा बदलली. नव्या जागेतलं घड्याळ पक्कं होतं, असं सगळीकडं लिहिलेलं होतं. नोएमीचा लिहिलेल्यावर विश्वास नव्हता. तिनं आमच्या राखीव मशीनवर तीन आठवडे पाटीची वेळ चालवून पाहिली. भाडेवाल्यांना सांगून ते मशीन मुद्दाम एकदा हलवायला लावलं. वेळ हललीसुद्धा नाही. तरी ती म्हणाली, “एकदा हलली नाही म्हणजे हलणारच नाही असं थोडंच आहे?” आणि वही मिटून ठेवली. गर्दी वाढत गेली, बंदरं वाढली, खाटा वाढल्या, आणि फाटकावरची रांग आम्हाला न दिसता लांबत राहिली.

आता ती रांग माझ्या खिडकीसमोर उभी होती.

अकराला पाच कमी असताना सर अर्तेमियो हातात एक कोरी वही घेऊन बाहेर आले. “शेवटच्या दीडशे लोकांची नावं हातानं लिहून घेऊ. बोटीवर चढवू. रात्री यादीत घालता येतील.”

नोएमीनं त्या वहीकडं पाहिलं. मला वाटलं ती काहीतरी मोठ्यानं बोलेल. पण तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू निघाला.

“सर, वही नको.”

“मग काय करू, इंदाय? दीडशे लोकांना सांगू, घरी जाऊ नका म्हणून? खिडक्या फोडतील.”

“मला दहा मिनिटं द्या.”

“काय करणार आहेस?”

“घड्याळ बदलते.”

सरांनी पडद्यावरच्या झावळीकडं पाहिलं. “तूच म्हणतेस ना, या आठवड्यात हात लावायचा नाही?”

“म्हणते.”

“आणि ते मागं गेलं तर?”

नोएमी झावळीकडं वळली. वहीत नाव लिहिलं तर तिला ठाऊक होतं काय होऊ शकतं. घड्याळ मागं गेलं तरीही तेच होणार होतं: कुणीतरी बोटीवर असणार आणि कागदावर नसणार. एकीकडं जुनी भीती, दुसरीकडंही तीच. तिनं झावळी हळूच सोडवली आणि शेजारच्या कपाटावर ठेवली. चिकटपट्टीबरोबर तिचा एक पदर फाटला.

आधी तिनं राखीव मशीनवर दोन्ही घड्याळं पुन्हा ताडून पाहिली. फाटकावरचं घड्याळ दहा लाख वेळा विचारायला नऊ सेकंद. पाटीवरचं दहा लाख वेळा बघायला पापणी लवेपर्यंतचाही वेळ नाही. मग तिनं आम्हा सहाही जणींना हात वर करायला सांगितलं. “कुणी काही दाबायचं नाही. हात मला दिसू देत.” आम्ही पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून बसलो. खिडकीपलीकडं कुणीतरी म्हणालं, “आता दरोडाच राहिला होता!”

तिनं एक ओळ टाइप केली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचली, मग बटण दाबलं.

काहीच झालं नाही. म्हणजे दिवे गेले नाहीत, आवाज आला नाही. अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती.

“चार नंबर, फक्त तूच,” ती मला म्हणाली. “एक माणूस घे.”

मी नाव घातलं, बटण दाबलं. चक्र फिरलंच नाही. कागद छपाईयंत्रातून बाहेर आला तेव्हा मला वाटलं काहीतरी चुकलं. मी तो हातात धरून बसले.

“वेळ वाच.”

“अकरा, आठ, एक्केचाळीस.”

“अजून एक.”

“अकरा, नऊ, चौदा.”

“अजून.”

पाच माणसं झाली. वेळ पुढंच जात होती. मग तिनं बाकीच्या खिडक्या उघडल्या, आणि रांग अशी सुटली की जणू बुचच निघालं. आता उशीर आमच्या हातांचा होता, मशीनचा नव्हता. साडेअकराला शेवटचा माणूस खिडकीवरून गेला. यादी छापली: सहाशे सहा नावं. निरीक्षकांनी शिक्का मारला. सर अर्तेमियोंनी कोरी वही टेबलावर टाकली आणि रुमालानं मान पुसली. “पाच वर्षं तू आम्हाला फाटकावर उभं केलंस, इंदाय.”

“हो सर,” ती म्हणाली. पण तिचं लक्ष तिकडं नव्हतं. ती यादीची दुसरी प्रत उचलून धक्क्याकडं निघाली होती.

बोटीवर काय झालं ते मला फोनवरच कळत गेलं, कारण तिनं मला खिडकीवरून हलू दिलं नाही. ती खाटेखाटेनं फिरत होती, यादी हातात घेऊन. बारा वाजून चार मिनिटांनी फोन आला.

“सहाशे सात.”

“काय?”

“माणसं सहाशे सात आहेत. यादीत सहाशे सहा.” मग मागं गलका ऐकू आला, एक बाई आणि एक म्हातारा यांचा.

“ही खाट माझी आहे, ताताय! नंबर बघा, दोनशे चौदा!”

“माझाही दोनशे चौदाच! मी काय नंबर घरून रंगवून आणलाय?”

एक खाट, दोन माणसं. नोएमीनं दोघांनाही थांबायला सांगितलं. मग म्हणाली, “इंदाय, दोनशे चौदा कुणाच्या नावावर? आणि किती वाजता?”

मी शोधलं. “ग्लोरिया सुम्बोंग. दहा वाजून एकोणीस.”

“दहा एकोणीस.” घड्याळ बदलायच्या आधी. “त्या खाटेवर दुसरं नाव कधी आलं होतं का? पुसलेलं?”

“दिसत नाही मानांग.”

“नीट बघ.”

“बघतेय. नाही.”

तिनं म्हाताऱ्याकडं मोर्चा वळवला. त्याचं नाव पिलोंग; ताताय म्हणजे बाबा. दोन्ही हातांनी त्यानं खोक्यातला विजेचा पंखा छातीशी धरला होता आणि तो खाली ठेवायला तयार नव्हता.

“ताताय, तिकीट दाखवा.”

“दाखवलंय एकदा फाटकावर.”

“मला दाखवा.”

“पंखा कोण धरेल? तू? पाडशील. पुतणीनं घेऊन दिलाय. तीन वेगांचा आहे.”

“मी धरते. पाडत नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

शेवटी पंखा ग्लोरियाबाईंनी धरला, ज्यांच्याशी तो भांडत होता त्यांनीच. तिकीट निघालं मोज्यातून, चौघडी घातलेलं. नोएमीनं ते उलगडलं.

“ताताय, आज काय वार?”

“गुरुवार.”

“बुधवार.”

“हॅट्.”

ग्लोरियाबाई म्हणाल्या, “बुधवारच आहे ताताय. पाय धुण्याची मिस्सा गुरुवारी असते चर्चमध्ये, ती उद्या.”

म्हाताऱ्यानं तिकीट परत घेऊन पाहिलं. मग म्हणाला, “तरीच चर्चमध्ये कुणी नव्हतं.”

घड्याळ मागं गेलं नव्हतं. माणूस एक दिवस पुढं आला होता. पुतणीनं उद्याच्या बोटीचे सगळे सोपस्कार आधीच करून कागद त्याच्या हातात दिला होता, आणि आमची रांग इतक्या वेगानं सुटली होती की धक्क्याच्या फाटकावरच्या पोरांना नंबर बघायलाही वेळ पुरेना, तारीख कोण बघतो? आमच्या खिडक्यांचा उशीर संपला तेव्हा त्यांची तपासणीही संपली होती.

शिडीपाशी उभा असलेला खलाशी बर्तिंग म्हणाला, “असू दे मानांग. एक म्हातारा. बारा दहा झालेत. कोण मोजतंय?”

“मी,” नोएमी म्हणाली.

तिनं ताताय पिलोंगना बोटीवरून खाली आणलं. ते धक्क्यावरून चालत येताना मला खिडकीतून दिसले: पुढं ती, मागं म्हातारा, त्याच्या मागं पंखा घेतलेल्या ग्लोरियाबाई, कारण आता पंखा त्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हत्या. कप्तानानं भोंगा वाजवला. निरीक्षक घड्याळाकडं बघत खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

“एक माणूस आलेला नाही,” नोएमी यादीवरची खूण बघून म्हणाली. “तीनशे अठ्ठ्याऐंशी मोकळी आहे. पण ती इंजिनाजवळ आहे ताताय, गरम होईल.”

“पंखा आहे की माझ्याकडं,” ते म्हणाले. “तीन वेगांचा.”

मी त्यांचं उद्याचं तिकीट रद्द केलं, आजचं केलं. त्या सकाळी दहा वाजता याला आठ मिनिटं लागली असती आणि बर्तिंगनं शिडी उचलली असती. आता वीस सेकंदही लागले नाहीत. न आलेल्या माणसाचं नाव निघालं, ताताय पिलोंगचं कागदोपत्री नाव आलं, तेओफिलो अल्मोनार्देस. यादी पुन्हा छापली. आकडा पुन्हा सहाशे सहाच, पण नोएमीनं तो आकडा पाहिला नाही. तिनं पानं उलटत तीनशे अठ्ठ्याऐंशीवर बोट ठेवलं, नाव वाचलं, मग म्हाताऱ्याच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं, मग पुन्हा यादीतलं. निरीक्षकांनी दुसऱ्यांदा शिक्का मारला.

“एक माणूस आलाच नाही, मग तुझी मोजणी सहाशे सात कशी आली?” सर अर्तेमियोंनी तिला विचारलं, जरा चेष्टेनं.

“तिकीट असलेली माणसं सहाशे सहाच होती,” ती म्हणाली. “न आलेल्या माणसाच्या खाटेवर बर्तिंगचा भाचा होता, बिनतिकिटाचा. त्यालाही उतरवलाय.”

सरांची चेष्टा तिथंच विरली. ते शिडीकडं निघाले, आणि थोड्याच वेळात मान खाली घातलेला बर्तिंग आम्हाला लांबून दिसला.

बारा चोवीसला दोर सुटले. ताताय पिलोंग कठड्याशी उभे राहून कुणाला तरी हात करत होते, बहुधा ग्लोरियाबाईंकडून पंख्याचं खोकं आपल्या हातात परत आल्याचा आनंद. मी नोएमीपुढं इबोस ठेवला, पान सोलून, नारळाच्या दुधातला भात अजून कोमट होता. तिनं एक घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून पडद्याकडं बघत राहिली. अंक पुढं सरकत होते.

“मानांग, जेव ना आता.”

“ताताय पिलोंगची उद्याची खाट मोकळी झाली,” ती म्हणाली. “उद्याची दोनशे चौदा. प्रतीक्षायादीत पहिलं कोण आहे?”

मी पाहिलं. रोक्सासहून आलेली एक नर्स होती, सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसलेली. मी तिला हाक मारली, नाव घातलं, बटण दाबलं. नोएमी घास गिळून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

“वाच,” ती म्हणाली.

“दोनशे चौदा. उद्या. एकच नाव.”

“वेळ?”

“बारा, एकतीस, शून्य सात.”

ती भिंतीवरच्या घड्याळाकडं वळली, ते बघितलं, आणि मग म्हणाली, “आता तिला तारीख मोठ्यानं वाचून दाखव.”